मावशीला विचारा : बर्फाची आगोट

जानेवारी लागला की मावशीच्या पेटीतली निम्मी पत्रं बर्फाची असतात. मी लग्न होऊन चिपळूणहून १९७७ साली बॉस्टनजवळ वॉल्थमला आले, तेव्हा आधी पावसाने आणि मग बर्फाने घरात कोंडून घ्यायची मला पुरेशी सवय आहे. यंदा आलेल्यांपैकी ही पाच.

मावशी, आम्ही ऑक्टोबरात पुण्याहून वुस्टरला आलो. रविवारी वादळ येणार म्हणून शनिवारी दुकानात गेले, तर ब्रेड आणि दुधाचे कप्पे साफ रिकामे. घाबरून चार पाकिटं पास्ता आणि पाच किलो बटाटे घेऊन आले. शेगडी विजेची, मुलगी पाच वर्षांची. वीज गेली तर खायचं काय?

अगं, ब्रेडचं मनावर घेऊ नकोस. वादळ म्हटलं की ब्रेड आणि दूध, हे इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलंय. जुनी माणसं त्याचं खापर १९७८च्या वादळावर फोडतात, आणि त्या वादळात मी होते.

६ फेब्रुवारी, सोमवार. हे सकाळी कामावर गेले आणि दुपारनंतर बर्फ असा काही आला, की १२८ नंबरच्या हमरस्त्यावर तीन हजारांवर गाड्या जागच्या जागी गाडल्या गेल्या. त्यातली एक आमची. हे दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले, पायात ऑफिसचे बूट. बॉस्टनला २७ इंच बर्फ पडला होता. पुढे कित्येक दिवस खासगी गाडी रस्त्यावर काढायला बंदी. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवर यायचे आणि घरीच थांबा म्हणून सांगायचे. मला इंग्रजी अर्धंच कळायचं, पण माणूस घरातल्या काकासारखा वाटायचा.

घरात ब्रेड नव्हताच. आईने बॅगेत कोंबलेलं कुळथाचं पीठ होतं, आमसुलं होती, तांदूळ होते. लसूण ठेचून तेलात तांबूस केली, मिरची टाकली, पाण्यात कालवलेलं पीठ ओतलं, वर दोन आमसुलं. पिठी रटरटायला लागली आणि तिचा वास जिन्याने वर गेला. वरच्या मजल्यावरची इटालियन घरमालकीण खाली आली. मला वाटलं, आता ही बोलणार. तर तिच्या हातात वाडगा : कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला बारीक पास्ता, एकेक दाणा चांदणीच्या आकाराचा. त्यांच्यात तो आजारी पोरांना देतात, आपल्याकडच्या मऊ भातासारखा. मी कोंबडी खात नव्हते, ह्यांनी संपवला. तिला मी पिठी दिली. तिने शेवटी पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला, भांडं घासायची गरज राहिली नाही. वादळात ब्रेडचा झालेला एवढाच उपयोग मला आठवतो.

आमच्या कोकणात पावसाआधी आगोट भरतात. कांदे, मीठ, कुळीथ, आमसुलं, पापड, फणसपोळी, खाणाऱ्यांकडे सुकी मासळी, आणि पडवीत लाकूडफाटा. त्यात नासणारं काही नसतं. तूही तशीच आगोट भर. विजेची शेगडी आहे ना, मग वीज असेतो तुझी चूल पेटलेली समज. आदल्या दिवशी गूळपापडी थाप. सातूचं पीठ असेल तर उत्तमच, नुसत्या गुळाच्या पाण्यात कालवलं तरी पोट भरतं. दोन मोठे थर्मास उकळत्या पाण्याने भरून ठेव, चहाची सोय झाली. आणि दडपे पोहे! त्यांना आच लागतच नाही. पातळ पोहे, ओलं खोबरं (डब्यात गोठलेलं मिळतं ते बाहेर काढून ठेव), बारीक कांदा, लिंबू, मीठ, साखर, मिरची. सगळं कालवून वर ताटली आणि ताटलीवर वजन. फोडणी आदल्या दिवशीच करून बाटलीत ठेवली की झालं. अर्धा तास दडपून ठेवायचे, आणि वजन म्हणून लेकीला वरवंटा शोधायला सांग. आमच्या घरी हे काम नातवंडांचं, ती शब्दकोश आणतात.

वीज गेली की फ्रिज उघडबंद करू नकोस. बंद राहिला तर चार तास माल टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस काढतो. कोळशाची शेगडी घरात किंवा गॅरेजमध्ये मुळीच पेटवायची नाही, तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्या विषारी वायूला वास नसतो. हीटरची नळी भिंतीतून बाहेर निघत असेल तर तिच्या तोंडावरचा बर्फ काढत राहा, नाहीतर तोच वायू घरात साठतो.

आणि वीज गेलीच नाही तर? बहुतेक वेळा जात नाही. मग मऊ भात, तूप, मेतकूट, लिंबाचं जुनं लोणचं. खिडकीशी बसून खा. तुझ्या वुस्टरला जानेवारी २०१५च्या वादळात साडेचौतीस इंच पडला होता, यंदा एवढा काही पडायचा नाही. बटाट्यांची भाजी कर. पास्त्याचं मला विचारू नकोस.

थंडीत दही लागत नाही आणि इडलीचं पीठ फुगत नाही. काय करू? — नॅशुआ

ओव्हन बंद, आतला दिवा चालू, भांडं आत, रात्रभर. दिव्याची ऊब पुरते. फक्त ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटव. मी एकदा चिठ्ठी न लावता बटाटे भाजायला ओव्हन चारशेवर लावला. पीठ फुगलं खरं, पण प्लास्टिकच्या डब्यासकट.

मावशी, मी सिरॅक्यूजला एकटा राहतो, नोकरी घरूनच. मागच्या वादळात दोन दिवस चिप्स आणि कॉफीवर काढले. स्वैपाक फारसा येत नाही आणि एकट्यासाठी करावासाही वाटत नाही. उगाच उदास व्हायला होतं. सोपं काहीतरी सांगा.

अरे, तुमच्या गावात वर्षाला शंभर इंचांवर बर्फ पडतो, चिप्सवर किती काढणार? तू तूप कढव. हसू नकोस. ते जेवण नाही, त्यामुळे एकट्यासाठी करायचं का हा प्रश्नच येत नाही, आणि अर्धा तास माणूस शेगडीपाशी उभा राहतो.

बिनमिठाच्या लोण्याचा एक पौंडाचा खोका आण, त्यात चार कांड्या असतात. मिठाचं लोणी नको, सगळं मीठ बेरीत उतरतं. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी घाल, मंद आचेवर ठेव आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून ये, कारण तूप कानाने कढवायचं असतं. आधी लोणी वितळून पांढरा फेस येतो. मग तडतड सुरू होते, ती त्यातल्या पाण्याची. पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज. पंधरा-वीस मिनिटांनी तो विरळ होत जातो. मग एकदम शांत. याच घडीला लोक फसतात, झालं नाही समजून फोन बघायला जातात. चमच्याने फेस बाजूला सार. खाली सोनेरी, पारदर्शक तूप दिसेल आणि बुडाशी बदामी कण. वास खमंग झाला की लगेच गॅस बंद, पातेलं गरम असतं, पुढचं ते स्वतःच करतं. कण काळे पडले तर चुकलं. माझी आई याच वेळी विड्याचं पान सोडायची. सिरॅक्यूजला ते मिळायचं नाही, त्यावाचून अडत नाही.

तूप गाळून काचेच्या बरणीत भर. बरणी कोरडी हवी. आता पातेल्यात राहिलेली बेरी. अर्धी तिच्यात साखर घालून चमच्याने खा, उभ्याउभ्याच, कोणी बघत नाही. उरलेल्या अर्ध्या बेरीवर, त्याच पातेल्यात, गरम भात टाक, मीठ भुरभुरव आणि हाताने कालव. कडेला लागलेलं सगळं भाताने पुसून येतं. भात तुला येतो, हे मी गृहीत धरते. येत नसेल तर एक वाटी तांदळाला अडीच वाट्या पाणी, मऊच होऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत तूप रवाळ थिजलेलं दिसेल. त्याचा फोटो आईला पाठव. तिचा फोन येईल, आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपणार नाही.

सातारहून सासू-सासरे आलेत. सासरे ७१ वर्षांचे, गडी माणूस. बर्फ दिसला की फावडं मागतात. नाही म्हटलं की रुसतात. — फ्रेमिंगहॅम

फावडं देऊ नकोस. गारठ्याने रक्तवाहिन्या आखडतात, त्यात तो ओला बर्फ उचलायचा म्हणजे हृदयावर दुहेरी ताण. इथली तरणी माणसंसुद्धा बर्फ उपसताना छातीत दुखून दवाखान्यात जातात. रुसवा परवडला.

पण त्यांना नुसतं बसवूही नकोस. आमच्या सासऱ्यांना मी आल्याचा चहा करायला लावायचे. थर्मास भरायचा, आणि गल्लीत बर्फ ढकलणारा गडी आला की दारातून हाक मारून कप द्यायचा. पहिल्यांदा तो माणूस बिचकला. तिसऱ्या वादळाला त्याने आमच्या फाटकापुढचा ढीग न सांगता बाजूला केला. सासऱ्यांनी ही गोष्ट परत गेल्यावर चिपळुणात सगळ्यांना सांगितली, त्यात ढीग दर वेळी हातभर वाढायचा.

मुलगा बाहेरचा बर्फ खातो. ओरडू का? — एक आई, बर्लिंग्टन

अगं, तू व्हर्माँटमध्ये राहून हे विचारतेस? तुमच्याकडे तर बर्फावर मेपलचा पाक ओतून खायची रीतच आहे. तासभर बर्फ पडून गेल्यावर वरचा, पांढराशुभ्र, रस्त्यापासून लांबचा बर्फ परातीत घट्ट दाबून भर. मेपल सिरप म्हणजे आपली काकवीच समज, फक्त उसाऐवजी झाडाच्या रसाची. चाळीस लिटर रस आटवला की कुठे एक लिटर हाती येतं. बाटलीतलं तसंच ओतलंस तर ते बर्फात मुरून जाईल. आधी आटव. थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळली पाहिजे, आपण लाडवाला करतो तसा गोळीबंद पाक. तो गरम पाक बर्फावर नागमोडी ओत, काट्याला गुंडाळ आणि लगेच तोंडात. पाक तू ओत, मुलाला लांब उभं कर. तो उकळत्या पाण्यापेक्षा तापलेला असतो आणि चिकटतो.

मी एकदा गुळाचा केला होता. हात चुकून पाक पुढे गेला, बर्फावर पडताच कडक, चिक्कीच झाली. खाल्ली.

व्हर्माँटचे लोक यासोबत आंबट काकडीचं लोणचं खातात, गोडाने तोंड बसू नये म्हणून. माझी नात काकडी बाजूला सारते आणि फ्रिजमधून माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन येते.