'गोरा' कधी पडत नाही : वर्ण, रंग आणि उतरंड

एका वाचकाने विचारले आहे की, एकाच समाजातल्या, किंबहुना एकाच घरातल्या माणसांमध्ये कातडीच्या छटेवरून जे डावे-उजवे केले जाते, त्याला मराठीत नेमके काय म्हणावे. वर्तमानपत्रे त्यासाठी 'वर्णद्वेष' असे लिहितात ते योग्य आहे काय. आणि जाता जाता, 'सावळा' हा शब्द 'सावली'वरून आला आहे काय. काळा आणि गोरा या शब्दांचे अर्थ सांगण्यात मी वेळ घालवत नाही. 'वर्णद्वेष' मात्र मला इतक्या ठिकाणी आणि इतक्या चुकीच्या जागी वाचावा लागतो की, सुरुवात तिथूनच करतो.

हा शब्द आपल्याकडे रुळला तो प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे. तिथे 1948 साली सत्तेवर आलेल्या पक्षाने 'अपार्टहाइट' हे धोरण राबवले आणि 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाला एका वंशगटात टाकले. त्या आफ्रिकान्स शब्दाचा सरळ अर्थ 'वेगळेपण' एवढाच आहे. त्यात द्वेष नाही आणि वर्णही नाही. आपल्या अनुवादकांनी धोरणाच्या नावाऐवजी त्याच्या परिणामाचे भाषांतर केले. ते त्या संदर्भात खपून गेले, कारण तिथे एका गटाने दुसऱ्या गटाभोवती कुंपण घातले होते. वाचक ज्या गोष्टीबद्दल विचारतात तिथे कुंपणच नाही. लेकीवर जीव टाकणारी आईच तिला 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील' असे बजावते, तेव्हा त्यात द्वेष कुठे शोधायचा? ज्याच्या मुळाशी माया असू शकते, त्याला 'द्वेष' म्हटले की ऐकणारा 'आमच्यात असले काही नाही' असे म्हणून मोकळा होतो, आणि त्याच्या दृष्टीने तो खोटेही बोलत नसतो.

इंग्रजीत यासाठी 'कलरिझम' हा स्वतंत्र शब्द आहे. अमेरिकी लेखिका ॲलिस वॉकर यांनी 1982 साली, एकाच वंशातल्या माणसांना केवळ रंगावरून मिळणारी निराळी वागणूक अशा अर्थाने तो वापरला आणि तेव्हापासून तो चालू लागला. हा भेद लग्नाच्या बाजारापुरता आहे असे समजणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. नॉर्थ कॅरोलिनामध्ये 1995 ते 2009 या काळात तुरुंगात गेलेल्या 12,000 हून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात, गुन्ह्याचे स्वरूप आणि पूर्वीच्या शिक्षा हिशेबात धरूनही, ज्यांच्या नोंदीत रंग 'उजळ' लिहिला होता त्यांना सुमारे 12 टक्के कमी शिक्षा झालेली आढळली. वंश तोच, फरक फक्त छटेचा. 'वर्णद्वेष' या शब्दात हा फरक मावत नाही.

मग 'वर्णभेद' चालेल का? नाही, आणि याचे कारण 'वर्ण' हा शब्द स्वतःच. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात, 'वर्णो वृणोतेः', म्हणजे वर्ण हा शब्द 'वृ' धातूपासून, अशी व्युत्पत्ती दिली आहे. आता 'वृ' म्हणजे झाकणे, आणि 'वृ' म्हणजे निवडणेही. पहिल्यातून आवरण, निवारण, विवरण आणि पाणी अडवून धरणारा वृत्र निघतो; दुसऱ्यातून वर, वरणे आणि स्वयंवर. स्वामी दयानंदांनी दुसरा अर्थ धरून 'वर्ण म्हणजे गुणकर्मानुसार निवडलेला' अशी मांडणी केली. हेतू उदात्त होता, व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली होती. हे दोन धातू दिसायला जुळे असले तरी तुलनात्मक भाषाशास्त्र त्यांना वेगळे मानते, आणि रंग या अर्थाकडे जाणारी वाट झाकण्याच्या 'वृ'पासूनच निघते. वर्ण म्हणजे वस्तूवर असलेले आवरण.

मला खरा आनंद होतो तो यापुढच्या गोष्टीचा. लॅटिनमधला 'कोलोर' हा शब्द 'झाकणे, लपवणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे, आणि इंग्रजीतला 'कलर' त्याचाच वारस. ग्रीकमध्ये रंगाला 'ख्रोमा' म्हणतात आणि त्याचे नाते 'ख्रोस' म्हणजे अंगाची कातडी या शब्दाशी आहे. म्हणजे संस्कृत आणि लॅटिन या दोन भाषांनी, वेगवेगळे धातू घेऊन, एकमेकींना न विचारता, रंगाला 'वरचे झाकण' ठरवले, आणि तिसरीने त्या झाकणाला थेट कातडी म्हटले. उलट आपला 'रंग' 'रञ्ज्' धातूचा, राग आणि रक्त यांचा भाऊबंद. तो चढतो, भिनतो, विटतो. वर्ण वर असतो आणि रंग लागतो, हा भेद ज्याच्या कानाला जाणवतो तो 'वर्णभेद' आणि 'रंगभेद' हे शब्द समानार्थी म्हणून वापरणार नाही.

'वर्ण' म्हणजे कातडीचा रंग, म्हणून चार वर्ण म्हणजे चार रंगांचे लोक, हा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांचा लाडका सिद्धान्त होता. डॉ. आंबेडकरांनी 1946 साली शूद्रांच्या उगमावर लिहिताना तो खोडून काढला. वैदिक वाङ्मयातला 'वर्ण' श्रद्धेशी निगडित आहे, असे म्हणताना त्यांनी अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या शब्दाचा दाखला दिला. त्यांचा निष्कर्ष मला मान्य आहे. अवेस्तातून काढलेली व्युत्पत्ती मात्र पटत नाही, आणि तो निष्कर्ष सिद्ध करायला तिची गरजही नव्हती. महाभारताच्या शांतिपर्वातला भृगु-भारद्वाज संवादच पुरेसा होता. भृगू सांगतो की ब्राह्मणांचा वर्ण पांढरा, क्षत्रियांचा तांबडा, वैश्यांचा पिवळा आणि शूद्रांचा काळा. भारद्वाज तिथल्या तिथे विचारतो की, वर्णावरून वर्ण ठरत असेल, तर सगळ्याच वर्णांत वर्णांची सरमिसळ दिसते त्याचे काय? राग, भीती, भूक, घाम सगळ्यांना सारखेच आहेत, मग वर्ण वेगळा कसा? एकाच वाक्यात एकच शब्द दोन अर्थांनी खेळवून केलेला इतका चोख प्रतिवाद मला दुसरा आठवत नाही. आणि म्हणूनच आजच्या लेखनात 'वर्णभेद' लिहिले की मराठी वाचकाच्या मनात आधी चातुर्वर्ण्य उभे राहते आणि कातडीची छटा मागे राहते.

आता मराठीत यासाठी शब्द नाही अशी जी तक्रार केली जाते, तिच्याकडे वळतो. नाम नसेल, पण व्याकरणात सगळे भरलेले आहे. माणूस पांढरा पडतो, पिवळा पडतो, काळा पडतो, फिका पडतो. गोरा कधी पडत नाही. गोरा होतो किंवा असतो, आणि त्याचा रंग खुलतो. 'पडणे' हे क्रियापद मूळ चांगल्या स्थितीतून खाली येण्यासाठी आहे, हे बोलणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. 'निमगोरा' आहे, पण 'निमकाळा' नाही, कारण मोजपट्टीचे शून्य गोऱ्या टोकाला आहे आणि मोजणी तिथूनच सुरू होते. ब्राझीलमध्ये 1976 च्या एका सरकारी पाहणीत लोकांना आपला रंग आपल्याच शब्दांत सांगायला सांगितले, तेव्हा सुमारे 135 वेगवेगळी नावे मिळाली. त्यांत 'दूध घातलेल्या कॉफीसारखा' आणि 'उन्हाने भाजलेला' हीही होती. आपल्याला ते ऐकून हसू येते, पण 'गव्हाळ' लिहिताना येत नाही. उभयान्वयी अव्ययांकडेही पाहावे. 'गोरी आणि नाकीडोळी नीटस' असे म्हणतात. 'सावळी पण नाकीडोळी नीटस'. सगळा न्यायनिवाडा त्या 'पण'मध्ये उरकलेला असतो.

आणि 'रंगाने जरा डावी'! हा प्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्याच्याबद्दल माझे एक मत आहे, जे कोणत्याही कोशात सापडणार नाही. मराठीत 'उज'ने सुरू होणारे तीन शब्द तीन निरनिराळ्या घरांतून आले आहेत. 'उजळ' उज्ज्वलपासून. 'उजवा' ऋजु, उज्जु, उजू या वाटेने, म्हणजे मुळात 'सरळ'. ही मांडणी मला पटते. आणि व्रत 'उजवणे' उद्यापनापासून. मुलीचे लग्न करून देण्यालाही जुन्या बोलीत 'उजवणे' म्हणत, जणू तीही एक व्रताची सांगताच. स्थळे पाहण्याच्या बोलण्यात हे तिन्ही शब्द एकत्र येतात, कारण मुलगी उजवायची असते आणि तिचा रंग उजळ असला तर ती इतरांपेक्षा उजवी ठरते. या ध्वनिसाम्यामुळे उजळ रंग हाच 'उजवा' रंग झाला, आणि मग जो उजळ नाही तो आपोआप 'डावा' झाला, असा माझा तर्क आहे. एका अभ्यासू स्नेह्यांनी यावर आक्षेप घेतला की, 'डावा' म्हणजे कमी प्रतीचा हा अर्थ 'डावलणे'मध्येही दिसतो, त्यासाठी 'उजळ'ची मध्यस्थी कशाला. आक्षेप योग्य आहे, पण अपुरा आहे. मग 'नाकाने डावी', 'उंचीने डावी' असे सहज का म्हटले जात नाही, याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.

राहिला नावाचा प्रश्न. 'कलरिझम' तसाच घ्यायला माझी हरकत नाही, पण तो ज्यांना कळतो त्यांना समजावण्याची गरज नसते. 'छटाभेद' नेटका आहे आणि त्यामुळेच निरुपद्रवी वाटतो. तो साडीच्या दुकानातही शोभेल. भेद म्हटले की दोन बाजू डोळ्यांपुढे येतात, इथे तर पायऱ्या आहेत. चिलीचे अभ्यासक अलेहांद्रो लिप्शुत्झ यांनी 1944 साली लॅटिन अमेरिकेतल्या समाजरचनेसाठी 'रंगद्रव्यसत्ता' अशा अर्थाचा शब्द घडवला, तो या पायऱ्यांच्याच जवळ जातो. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे : उतरंड. जातीच्या संदर्भात तो आपण वापरतोच. सर्वांत मोठे मडके तळाला, त्यावर त्याहून लहान, असे करत टोकाला एवढेसे गाडगे. भार सगळा तळाच्या मडक्यावर, आणि त्यातले काही काढायचे तर वरची सगळी रास उतरवावी लागते. मी 'रंगांची उतरंड' असे लिहितो, आणि एका शब्दाचाच आग्रह असेल तर 'रंगभेद' लिहावे. पण 'वर्णद्वेष' लिहू नये.

'सावळा'चे उत्तर राहिलेच. तो 'श्यामल'पासून आला आहे. 'ग्राम'चे गांव आणि 'नाम'चे नांव झाले त्याच चालीने 'श्यामल'चे सामल आणि मग सांवळ झाले. 'सावली'चे मूळ 'छाया'. म्हणजे 'सावळा' हा मुळात सावलीतला माणूस नाही, आणि 'काळा' म्हणायचे धाडस नसलेल्याने वापरायचा सौम्य पर्यायही नाही. त्याची स्वतःची स्वतंत्र छटा आहे. 'सांवळा'वरचा अनुस्वार या हरवलेल्या 'म'ची खूण होता. 1962 च्या लेखननियमांनी असे व्युत्पत्तिदर्शक अनुस्वार काढून टाकले, आणि तेव्हापासून सावळ्याला सावलीच्या घरी नेऊन बसवणे फार सोपे झाले आहे.