नाशिकमध्ये 2012 ची मर्सिडीज स्वतः विकावी की डीलरला द्यावी?

बाबांना आता गाडी चालवणं होत नाही, ई-क्लास डिझेल, एकाच मालकाची, 68 हजार किलोमीटर झालेली, आणि डीलर सांगतोय तो आकडा ऐकून जीव तुटतो, असं तुम्ही लिहिलंय. मी दोन वर्षांपूर्वी गंगापूर रोडवरून अशीच एक ई-क्लास विकली. डीलरपेक्षा पावणेदोन लाख जास्त मिळाले, पण अडीच महिने गेले. घाई असेल तर डीलरलाच देऊन मोकळे व्हा.

या गाडीचं गिऱ्हाईक किमतीला घाबरत नाही, पुढच्या बिलाला घाबरतं. महिन्याभरात गिअरबॉक्स किंवा सस्पेंशनने लाख-दीड लाख खाल्ले तर काय, ही धास्ती. त्यामुळे पॉलिशवर खर्च करण्याआधी फाइल नीट लावा. सगळी सर्व्हिस बिलं तारखेवार, गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल सगळ्यात वर. बिलं हरवली असतील तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चासी नंबरवरून जुन्या नोंदी मागा, तिथेच गाडी स्कॅन करून रिपोर्ट घ्या. टायरवरचे चार आकडेही पाहून ठेवा. 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी टायर जुने निघाले की जाणकार माणूस तिथेच भाव तोडतो.

तुमची स्पर्धा मुंबईहून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांशी आहे. तुमची गाडी खाऱ्या हवेत राहिलेली नसेल तर खालच्या बाजूचे फोटो जरूर टाका, गंज नाही हे दिसू दे. नोंदणीची 15 वर्षं 2027 मध्ये संपतात, तीही तारीख जाहिरातीतच लिहा. पुढे फेरनोंदणी पाच-पाच वर्षांची, शिवाय पर्यावरण कर. हे लपवून उपयोग नाही, आरसीवर दिसतंच.

पितृपक्षात फोन येणार नाहीत, दसऱ्याच्या तोंडावर येतील. त्यातले निम्मे "लास्ट किती?" एवढंच विचारतात. त्यांना जाहिरातीतली किंमत सांगून गप्प बसायचं.

माझं गिऱ्हाईक निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. माल निघाल्यावर, एप्रिलात, मेकॅनिक मेहुण्याला घेऊन सकाळी सातला आले. मेहुण्याने नमस्काराआधी बॉनेटवर तळहात ठेवला. दोष लपवायला गाडी आधीच गरम करून ठेवली आहे का, ते बघायला! म्हणून कोणी यायच्या आधी इंजिन चालू करू नका. पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड येते, हे मी फोनवरच सांगितलं होतं. त्याचे त्यांनी वीस हजार कापले, पण नंतर दुसऱ्या कशावरून घासाघीस केली नाही.

पैसे बँकेतूनच घ्या. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्याने दंड तेवढ्याच रकमेचा होतो.

आता खरी डोकेदुखी, नाव ट्रान्सफर. आधीची छोटी गाडी विकताना "आठवड्यात नावावर करून घेतो" यावर विश्वास ठेवून मी फॉर्म 29 आणि 30 कोरेच सह्या करून दिले होते. वर्षभर ई-चलनं माझ्या मोबाइलवर येत राहिली. चलनं तरी परवडली. 2018 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने, गाडी हातोहात पुढे विकली गेलेली असतानाही, अपघाताच्या भरपाईला नोंदणीवर नाव असलेला मूळ मालकच जबाबदार धरला. म्हणून या वेळी फॉर्म पूर्ण भरून घेतले, डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळ लिहिली, आणि किमतीवर वीस हजार डिपॉझिट घेतलं. नव्या नावाची आरसी दाखवली की परत. पेठ रोडच्या आरटीओत फाइल लगेच पोचली! उच्च सुरक्षा नंबरप्लेट अजून बसवली नसेल तर आधी ती बसवा, तिच्यावाचून काम अडतं.

विमा कंपनीकडून बाबांच्या नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली तर तिच्या विम्याला लागू होतो.

फास्टॅग बंद करायला मात्र मी विसरलो. तिसऱ्याच दिवशी पिंपळगावच्या टोलचे पैसे माझ्या खात्यातून गेल्याचा मेसेज आला.