टर्बो काढू नका, आधी गाडी तपासू द्या

प्रश्न (नेर तालुका, जि. यवतमाळ): कर्ज काढून जुनी डिझेल गाडी घेतली. चढावर ओढत नव्हती, म्हणून मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) आणि मोठे इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) ऑनलाइन मागवून मित्राच्या मदतीने अंगणातच बसवले. दारव्हा रोडवर एका मोटारसायकलला धडक बसली, चालवणाऱ्याचा पाय मोडला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने टर्बोचे फोटो काढले आणि कंपनीने गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला. ठाणेदारांनी गाडी तपासणीला आणायला सांगितली आहे. गावातले म्हणतात, त्याआधी गाडीचा मूळ टर्बो परत बसव. काय करू?

उत्तर: भाऊ, पान्याला हात लावू नका. गाडी आज जशी उभी आहे तशीच आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकासमोर जाऊ द्या. सर्व्हेअरकडे फोटो आहेत. फोटोत एक टर्बो आणि तपासणीत दुसरा निघाला, तर पुरावा नष्ट केल्याचे, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम 238, मागे लागू शकते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण हा सल्ला तुम्हाला बुडवणारा आहे.

तुम्ही केलेला बदल नियमबाह्य आहे, त्यात वाद नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठासून सांगितले. ‘आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) सीसी, म्हणजे इंजिनाचा आकार, तोच आहे’ हा बचाव पुरत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 182-अ (4) परवानगी नसलेले भाग बसवण्यालाच लागू होते: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. टर्बो आणि इंजेक्टर हे दोन बदल धरले जाऊ शकतात. मोठ्या इंजेक्टरने डिझेल जास्त पडते आणि गाडी काळा धूर सोडते. ती धुराच्या चाचणीत नापास झाली, तर कलम 190 (2) वेगळे लागते. त्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, कैदही आहे, आणि लायसन्स तीन महिने जाते.

पण टर्बो बेकायदा होता, एवढ्यावरून अपघात तुमच्या चुकीने झाला असे ठरत नाही. निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंग, टायर पाहतो आणि यांत्रिक दोषामुळे अपघात झाला का, यावर मत देतो. तुमच्यासाठी तोच अहवाल सगळ्यात मोलाचा. ब्रेकची चाचणी नीट होऊ द्या आणि अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागा. जोर वाढवला आणि ब्रेक मात्र झिजलेलेच ठेवले, असे त्यात निघाले तर बचाव कठीण होईल. ब्रेक चांगले निघाले, तर धडक कशी झाली हे रस्त्यावरच्या पंचनाम्यावरून ठरेल.

आता जखमी माणसाची भरपाई. त्या भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या कोर्टात, चालेल. तिथे विमा कंपनीला मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मधले मोजकेच बचाव घेता येतात आणि इंजिनात बदल केला हा त्यात नाही. महत्त्वाची बाब लपवून पॉलिसी घेतली, हा मात्र आहे. म्हणून टर्बोचे ऑनलाइन बिल आणि पॉलिसी शेजारी ठेवून तारखा पाहा. बदल पॉलिसीनंतरचा असेल, तर लपवले कधी, हा सवाल तुम्ही विचारू शकता. बदलानंतर काही न सांगता पॉलिसी रिन्यू केली असेल, तर कंपनी हा मुद्दा उचलणारच. अशा वेळी न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला लावते आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देते. त्या वसुलीत वावर विकायची पाळी येऊ शकते, म्हणून तारखांचा हा कागद वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा.

सरपंचांसमोर बसून स्टॅम्प पेपरवर ‘चूक माझी, एवढे पैसे देतो’ असे लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही किंवा पैशांचा शब्द द्यायचा नाही, अशी अट पॉलिसीत असते. जखमी माणसाला भेटायला दवाखान्यात मात्र जरूर जा, जमेल ती मदत करा. त्या घराचा कमावता हात सध्या खाटेवर आहे.

तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा एका पत्रावर सोडू नका. नकाराचे कारण लेखी मागा. पॉलिसीची अट मोडली तरी दावा सरसकट फेटाळता येत नाही, काही वेळा 75 टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात म्हटले आहे. तिथे खासगी गाडी भाड्याने चालवली होती, तुमचे प्रकरण वेगळे आहे. तरी धडकेशी टर्बोचा संबंध काय, हे कंपनीला विचारायचा आधार त्यातून मिळतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल किंवा यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

बँकेचा कर्ज करारही काढून वाचा. तारण गाडीत बदल करायला बँकेची संमती लागेल, असे कलम त्यात बहुधा सापडेल.

तपासणीचा अहवाल हातात आल्यावर, ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि मगच गाडीचा मूळ टर्बो व इंजेक्टर अधिकृत गॅरेजात बसवून घ्या. पक्के बिल घ्या, नवीन पीयूसी काढा. काढलेले भाग खटला संपेपर्यंत विकू नका.