मधुमेही रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला तर आधी काय करावं?

आधी ग्लुकोमीटरने साखर तपासा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या रुग्णाला घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ दिसला की साखर उतरल्याचाच संशय आधी घ्यावा. ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली म्हणजे कमी, ५४ च्या खाली गंभीर. मीटर जवळ नसेल तर कमीच आहे असं धरून चला. थोडी जास्तीची साखर सहसा निभावते, पण कमी साखरेत मेंदूला थांबायला वेळ नसतो.

रुग्ण शुद्धीत असून नीट गिळत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण ३ ते ४ छोटे चमचे, पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढंच परत द्या. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अकार्बोज ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, अगदी थेंबभर पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, श्वासावर लक्ष ठेवा, रुग्णवाहिका बोलवा. ग्लुकागॉनचं, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारं, इंजेक्शन असेल आणि द्यायला शिकवलेलं असेल तर द्या. श्वास थांबला तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून पुनरुज्जीवन, सुरू करा.

साखर वर आली की काहीतरी खायला द्या आणि पुढचे काही तास एकटं सोडू नका. गोळ्यांचा परिणाम लांबतो, साखर पुन्हा घसरते. साखर नॉर्मल येऊनही गोंधळ जात नसेल, किंवा तोंड वाकडं, एक हात लुळा दिसला, तर पक्षाघात समजून तातडीने रुग्णालयात न्या.