वाचक विचारतात: दिवाळीला बांबूची भेट द्यायची तर काय द्यावं?

प्रश्न: ताई, भाऊबीजेला आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांना फराळ द्यायचा असतो. दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे देऊन कंटाळा आलाय, यंदा बांबूचं काहीतरी द्यावं म्हणतेय. काय घेऊ आणि नाशकात कुठे बघू?
(एक वाचक, सिडको)

उत्तर: नक्की द्या, फक्त वापरात राहील असंच घ्या. ते बांबूचं जहाज, बांबूची बैलगाडी वगैरे शोकेसमध्ये जातं आणि धूळ खातं. त्यापेक्षा छोटी दुरडी किंवा झाकणाचा करंडा द्या, फराळ संपला की त्यात कांदे-लसूण राहतात, चारी बाजूंनी हवा लागते त्यामुळे कांदा लवकर सडत नाही. आपल्याकडच्या जुन्या कांदाचाळींच्या भिंतीसुद्धा उगाच बांबूच्या नसायच्या. पण एक लक्षात घ्या, दुरडीत फराळ नुसता भरून देऊ नका, चिवडा आणि चकली तासाभरात मऊ पडायला लागते आणि करंजीचं तूप विणीत मुरलं की नंतर खवट वास येतो तो धुवूनही जात नाही. आधी बटर पेपर किंवा केळीचं पान, मग घट्ट बंद केलेली पाकिटं, आणि ज्या दिवशी भराल त्याच दिवशी पोचवा. आतून वॉर्निश मारलेली चकचकीत टोपली खाण्याच्या वस्तूंना घेऊच नका.

बहिणीचं नवीन लग्न झालेलं असेल तर मी सूप आणि रोवळी (तांदूळ धुवायची बांबूची टोपली) देईन. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला बाहेर काढायची पद्धत अजून कितीतरी घरांत आहे, आणि फ्लॅटमध्ये सूपच नसतं म्हणून ताटलीवर भागवतात! घेताना सूप उजेडासमोर धरून बघा, वीण घट्ट असेल तर उजेड अगदी बारीक बारीक दिसतो, मोठी भोकं दिसली तर तांदूळ खाली गळणार. मग काठावरून तळहात फिरवा, कूस, म्हणजे बांबूची बारीक टोचरी काडी, लागली तर दुसरं मागा. बांबूच्या पाठीच्या, म्हणजे बाहेरच्या हिरव्या सालीकडच्या कामट्या (फोडून काढलेल्या पट्ट्या) चिवट असतात, आतल्या पोटाकडच्या लवकर मोडतात. चांगला बुरूड काठाला पाठीचीच कामटी वापरतो, विचारलंत तर तो स्वतःच दाखवेल.

कुठे बघायचं? गंगेवरचा, म्हणजे गोदावरीच्या काठचा, बुधवारचा बाजार आधी फिरा, मग भद्रकालीकडे जा. दिवाळीच्या आधी डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शनं लागतात तिथेही डोकावा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, हरसूल या भागात हे काम घराघरात चालतं, तिकडे जाणं होत असेल तर सरळ कारागिराकडूनच घ्या आणि ऑर्डर दसऱ्याच्या आधी द्या. आणि प्लीज घासाघीस करू नका, बांबू आणायचा, फोडायचा, तासायचा, त्याच्या कामट्या सारख्या जाडीच्या काढायच्या आणि मग विणायला बसायचं, एका सुपामागे किती वेळ जातो ते एकदा शेजारी बसून बघा म्हणजे सांगितलेली किंमत कमीच वाटेल.

प्रश्न: मागच्या दिवाळीत बांबूचा लॅम्प गिफ्ट आला होता. आता त्याच्याखाली रोज पिवळसर पीठ पडलेलं दिसतं. टाकून देऊ का?
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर: टाकू नका अजून. बांबूत स्टार्च असतो, ते खायला बारीक भुंगेरे आत शिरतात आणि पोखरलेला भुसा बाहेर पडतो. बांबू कोवळा तोडला किंवा उन्हाळ्यात तोडला की स्टार्च जास्त आणि कीडही जास्त, म्हणून जाणकार लोक तीन वर्षांच्या वरचा बांबू पावसाळा संपल्यावर थंडीत तोडतात, कुणी वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवतात म्हणजे स्टार्च धुवून निघतो. हल्ली बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवतात. घेताना "ट्रीटमेंट केलाय का" एवढं विचाराच.

तुमच्या लॅम्पचं बघू. बल्ब, वायर, होल्डर सगळं काढा, बांबूचा भाग प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि मावत असेल तर डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आतली कीड आणि अळ्या थंडीने मरतात. बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही, नॉर्मल तापमानाला येऊ द्या नाहीतर त्यावर पाणी सुटतं. मग कापलेली टोकं आणि आतली बाजू, जिथे साल नाही तिथे बोरॅक्सचं पाणी ब्रशने लावून सावलीत कडक वाळवा. टोकंच महत्त्वाची, सालीतून पाणी आत जात नाही. मुलांच्या हाताला लागणार नाही असं करा, आणि सूप-रोवळीला हा उपाय करायचा नाही, ती अन्नाची भांडी आहेत.

प्रश्न: ऑफिसमध्ये सगळ्यांना बांबूचे कॉफी मग आणि बांबूचे टी-शर्ट द्यायचं चाललंय, इको-फ्रेंडली म्हणून. बरोबर आहे का?
(एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर: कॉफीचे मग तर नकोच. ते गुळगुळीत रंगीत "बांबू फायबर" मग म्हणजे बांबूची पूड मेलामाईनच्या रेझिनमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकमध्येच, मिसळून बनवलेले असतात आणि त्यात गरम चहा-कॉफी ओतली की मेलामाईन आणि फॉर्मल्डिहाइड पेयात उतरू शकतं. युरोपियन युनियनमध्ये असली भांडी विकायला परवानगी नाही. आत स्टील आणि बाहेर बांबूचं कवच अशी बाटली चालेल, फक्त पाण्यात बुडवून ठेवू नका असं सांगून द्या. टी-शर्ट मऊ असतो हे खरं, पण बहुतेक वेळा ते कापड व्हिस्कोस असतं, बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडने विरघळवून त्याचा धागा काढतात, त्यामुळे आवडला म्हणून द्या, पर्यावरणासाठी म्हणून नको. त्याच बजेटमध्ये बांबूच्या कामट्यांचे आकाशकंदील घ्या ना, वर साधा कागद लावलेले! पुढच्या वर्षी फक्त कागद बदलायचा.

प्रश्न: लकी बांबू भेट दिला तर चालेल ना?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर: चालेल, पण तो बांबू नाही. ती ड्रेसिना जातीची झुडपं, मूळची आफ्रिकेतली, आणि बांबू म्हणजे गवताच्या कुळातला. ज्यांच्याकडे मांजर किंवा कुत्रा आहे त्यांना देऊ नका, पानं खाल्ली तर उलट्या होतात. बाकीच्यांना देताना पाणी दर आठवड्याला बदलायला सांगा, नाहीतर मुळं कुजतात.