जंगल ‘राखीव’ की ‘राखलेले’?

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील एका ग्रामसभेसाठी फलकाचा मजकूर लिहिणाऱ्या शिक्षकांनी विचारले आहे की, ‘वनसंरक्षण’, ‘वनसंवर्धन’ असे शब्द असताना तिकडची माणसे ‘जंगल राखतो’ असेच का म्हणतात आणि तो शब्द फलकावर चालेल का. चालेल, माझ्या मते तोच लिहावा.

‘राखणे’ आणि ‘राखीव’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘रक्ष्’ धातूकडे जातात. मात्र कोरीव, घोटीव यांप्रमाणे ‘राखीव’मध्येही कर्ता गळतो, मूर्ती कोरीव आहे एवढे समजते, ती कोरली कोणी हे समजत नाही. त्यामुळे 1927 च्या भारतीय वन अधिनियमातले ‘राखीव वन’ म्हटले की साक्री-नवापूरकडच्या माणसाला राखणारा आठवत नाही, मज्जाव आठवतो. ‘आम्ही राखतो’ या वाक्यात तो गळालेला कर्ता परत येतो, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा जो हक्क मान्य केला, त्याचा कर्ताही गावच आहे.

‘राखणे’ची दुसरी छटा स्वतःचा हात आवरण्याची आहे: मान राखणे, हातचे राखणे, राखून खाणे. त्याच तालुक्यातील बारीपाड्याने उजाड झालेले जंगल पुन्हा उभे केले ते कुऱ्हाड आवरून, आणि नियम मोडणाऱ्या आपल्याच माणसाला दंड करून. ‘संरक्षण’ या शब्दात शत्रू बाहेरचा असतो. ‘राखणे’त तो घरातलाही असू शकतो. (या कामाचे नेतृत्व करणारे तिथले चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यावर हे गाव सर्वांना माहीत झाले, तिथली रानभाज्यांची पाककला स्पर्धा मात्र 2004 पासूनची आहे, आणि कोणती भाजी कशावर गुणकारी हे बायका तिथे ताट पुढे ठेवून सांगतात.)

प्रश्नात नसलेली, पण मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ‘राख’ या नामाची आहे. तेही ‘रक्षा’पासूनच आले, अस्थींबरोबरच्या राखेला आपण आजही ‘रक्षा’ म्हणतो. आमची आजी बियाण्याच्या मुगाला गोवऱ्यांची चाळलेली राख चोळून तो मडक्यात भरायची आणि पुढच्या मृगापर्यंत त्याला कीड लागत नसे. भगत दुखणाईताच्या कपाळी अंगारा लावतो, तीही राखच. तिकडची कोकणा आणि भिल्ल आदिवासी मंडळी मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचे व्रत धरतात, पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर नाचतात आणि माणसाचे दुखणे टळो, गुरे-पीक सुखरूप राहो असे मागणे ज्याच्याकडे मागतात, तो देव डोंगरातच असतो. डोंगर बोडका झाला तर औषधाची मुळी जाते आणि मागण्याची जागाही जाते. म्हणून बरे करणे आणि राखणे ही तिथे वेगळी कामे नाहीत.

तेव्हा फलकावर ‘आमच्या गावाने राखलेले जंगल’ असे लिहावे. ‘राखीव’ टाळावे, आणि ‘गावाने’ हा शब्द जागेअभावीही गाळू नये.