गिरणगावातली प्रेमकथा लिहायची तर कोणता काळ घ्यावा?

माझं ऐकाल तर 1890 ते 1896. कावसजी दावरांच्या ताडदेवच्या, मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीपासून, म्हणजे 1856 पासून सुरुवात करायचा मोह होतो. पण जरा विचार करा, तुमचे नायक-नायिका भेटणार कधी? त्या काळी गिरणी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालायची आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हतीच. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून त्यासाठी झगडले, तेव्हा कुठे 1890 मध्ये रविवार मिळाला. तुमच्या कथेतला पहिला रविवार नीट लिहा. आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेला मोकळा दिवस!

दुसरी गोष्ट मला फार हलवून जाते. 1891 च्या कारखाना कायद्याने बायकांचं काम 11 तासांवर आणलं, पुरुषांना मात्र मर्यादा नव्हती. म्हणजे रीलिंग खात्यातली, म्हणजे सूत गुंडाळणारी ती आधी सुटणार, केसांत अडकलेला कापूस झटकत फाटकाबाहेर येणार, आणि साच्यावरचा, म्हणजे मागावरचा तो अजून आतच. तिने थांबायचं की चाळीकडे वळायचं? आजूबाजूला तर सगळे गाववालेच. एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

विरह वेगळा रचावा लागणार नाही. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला आणि लोक घाबरून गावाकडे पळाले. ती कोकणात, तो लालबागला.

फक्त विजेचे दिवे घालू नका, ते गिरण्यांत बरेच नंतर सर्रास झाले.